कंबरदुखी आणि वीज : पाचव्या दिवसापासून पाचव्या वर्षापर्यंत



मागे एकदा एका खेड्यातील शाळेत बोलण्याचा योग आला. कार्यक्रम आटोपला, चहा झाला, माणसे पांगू लागली. तेवढ्यात एक वयस्क शेतकरी हळूच जवळ आले आणि म्हणाले, "गुरुजी, एक विचारू का? आमच्या मंडळींची कंबर धरल्याला दहा वर्षं झाली. आता कोणी सांगतं, शहरात अंगात यंत्र बसवतात, त्यातून वीज सोडतात आणि दुखणं थांबतं. हे खरं का?"

मी म्हटले, "असे यंत्र आहे खरे."

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आहे ते ऐकलं. पण टिकतं किती? बाजारात बैल सगळेच डौलात चालतात हो. औताला तो किती हंगाम चालतो ते विचारून मगच कासरा हातात घ्यावा."

त्या दिवशी मला त्यांना धड उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मी हा विषय वाचायला घेतला, तेव्हा मौज अशी दिसली की, या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न फार जुना आहे. विजेने दुखणे घालवण्याचा उद्योग जवळजवळ दोन हजार वर्षे चालू आहे, आणि "टिकतं किती?" हाच त्यातला खरा प्रश्न राहिला आहे. आजचे भाषण म्हणजे त्या शेतकरीबुवांना उशिराने दिलेले उत्तर आहे असे समजा.

आरंभ होतो रोममध्ये. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, क्लॉडियस बादशहाच्या काळात, स्क्रिबोनियस लार्गस नावाचा एक वैद्य होता. त्याने औषधांचा एक ग्रंथ लिहून ठेवला आहे. त्या काळी वीज म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण समुद्रात टॉर्पेडो नावाचा एक चपटा मासा असतो आणि त्याला स्पर्श झाला की अंगाला जबर झिणझिणी येते, एवढे कोळ्यांना माहीत होते. हा मासा आपल्या शरीरात खरोखरीच वीज तयार करतो. स्क्रिबोनियस सांगतो की, पायाला गाऊटचा ठणका लागला असेल तर रोग्याने किनाऱ्यावर ओल्या वाळूत उभे राहावे, जिवंत टॉर्पेडो पायाखाली घ्यावा आणि पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतो तसेच राहावे. डोकेदुखीलाही त्याने हाच मासा सांगितला आहे. गाऊटच्या बाबतीत तर त्याचा दावा मोठा आहे: या उपायाने आताचे दुखणे जाते आणि पुढचेही टळते! आताचे जाते हे एकवेळ मान्य करू. जो पाय बधिर झाला तो दुखणार कसा? पण पुढचे टळते हे त्याने कशावरून ठरवले, किती रोगी पाहिले, किती दिवसांनी पाहिले, याचा हिशेब तो देत नाही. उपाय सांगणाऱ्याने टिकाऊपणाची ग्वाही द्यावी आणि पुरावा मात्र देऊ नये, ही रीत तेव्हापासूनची आहे.

त्यानंतर आपण एकदम अठराव्या शतकात येऊ. १७४५-४६ च्या सुमारास वीज साठवून ठेवण्याची एक युक्ती युरोपात सापडली. हॉलंडमधील लायडेन या गावावरून तिला लायडेनची बरणी म्हणतात. हवा तेव्हा विजेचा धक्का देता येऊ लागला. लगेच लोकांच्या मनात आले की, लुळ्या पडलेल्या हातापायांत या धक्क्याने जीव येईल का? अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन हे विजेच्या प्रयोगांमुळे प्रसिद्ध झाले होते. आकाशातील वीज आणि बरणीतील वीज एकच, हे सांगणारे तेच. त्यांच्या दाराशी लांबलांबून पक्षाघाताचे रोगी येऊ लागले.

फ्रँकलिननी त्यांना धक्के दिले आणि काय झाले ते १७५७ मध्ये लंडनच्या जॉन प्रिंगल या डॉक्टरांना पत्राने कळवले. हे पत्र शिक्षकबंधूंनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते सांगतात: धक्के दिले की लुळ्या अवयवात ऊब येई. दुसऱ्या दिवशी रोगी म्हणे, रात्री टोचल्यासारखे वाटले. पहिल्या दिवशी ज्याला मांडीवरचा हात उचलता येत नव्हता, तो दुसऱ्या दिवशी चार बोटे उचली, तिसऱ्या दिवशी आणखी वर नेई, आणि पाचव्या दिवशी तर कसाबसा का होईना, डोक्यावरची टोपी काढी. रोगी हर्षभरित होई. पण पाचव्या दिवसानंतर सुधारणा पुढे सरकलेली फ्रँकलिनना आठवत नाही. मग रोगी कंटाळत, धक्क्यांना भीत, घरी परतत आणि थोड्याच काळात पुन्हा पहिल्यासारखे होत. कायमचा गुण आलेला आपण एकही पाहिला नाही, असे ते स्वच्छ लिहितात.

एवढ्यावरच ते थांबत नाहीत. जो थोडासा गुण दिसला, तोदेखील विजेचाच होता की रोज घरून आमच्याकडे येण्याजाण्याच्या व्यायामाचा होता, की बरे होऊ या आशेने अंगात आलेल्या हुरुपाचा होता, हे आपल्याला सांगता येत नाही, असेही ते लिहून ठेवतात. ज्याच्या नावावर विजेची कीर्ती होती, त्याने विजेविषयी हे लिहावे यात त्यांचा मोठेपणा आहे. दोन प्रश्न त्यांनी घालून दिले: गुण टिकला का? आणि तो कशाचा होता?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कसे काढायचे, तेही फ्रँकलिननी पुढे पाहिले. १७८४ मध्ये ते पॅरिसला होते. तेथे मेस्मर नावाच्या वैद्याच्या चुंबकविद्येचा बोलबाला होता. राजाने चौकशी समिती नेमली. तीत फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी रोग्यांचे डोळे बांधले. काहीच केले नसता "आता प्रयोग चालू आहे" असे सांगितले, तर रोग्यांना झटके येत. आणि खरोखर प्रयोग चालू असता त्यांना पत्ता लागू दिला नाही, तर काहीच होत नसे. डोळे बांधून पारख करण्याची ही पद्धत पुढे वैद्यकशास्त्राचा मोठा आधार झाली. आपल्या कथेत ती शेवटी पुन्हा येणार आहे.

एकोणिसाव्या शतकात विजेचे पट्टे निघाले. कमरेला पट्टा बांधा, पाठदुखी पळेल, अशा जाहिराती युरोप-अमेरिकेतील वर्तमानपत्रांत भरभरून येत. त्या प्रकरणात फार थांबण्यासारखे काही नाही.

विसाव्या शतकात मात्र पाठीच्या दुखण्याला नवे वळण मिळाले. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यवैद्यांनी दाखवून दिले की, दोन मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूवर दाबली गेली म्हणजे पाठीतून पायात कळ जाते, आणि शस्त्रक्रियेने तो दाब काढता येतो. पुढच्या काळात अशा शस्त्रक्रिया फार झाल्या. पुष्कळांना गुण आला. पण काहींची पाठ शस्त्रक्रियेनंतरही दुखतच राहिली. दुसरी केली, तिसरी केली, तरी दुखणे तेथेच. अशा गांजलेल्या माणसांसाठी काय करावे, हा प्रश्न उभा राहिला.

याच सुमारास वेदनेविषयीचा एक नवा विचार पुढे आला. १९६५ मध्ये कॅनडाचे रोनाल्ड मेलझॅक आणि इंग्लंडचे पॅट्रिक वॉल यांनी मांडले की, वेदनेचा निरोप शरीरातून थेट मेंदूकडे जात नाही. मज्जारज्जूत वाटेवर एक वेस असते. बारीक तंतूंतून दुखण्याचा निरोप येतो, जाड तंतूंतून स्पर्शाचा. जाड तंतूंची वर्दळ वाढली की वेस अर्धी लागते आणि दुखण्याचा निरोप अडतो. आपल्याला हे अनुभवाने ठाऊक आहे. गुडघा आपटला की आपण काय करतो? न सांगता चोळतो. आई मुलाच्या टेंगळावर हात फिरवते. या उपपत्तीतील बारकावे पुढे बरेच बदलले, पण मुख्य कल्पना उपयोगी ठरली. चोळण्याचे काम विजेकडून का करून घेऊ नये?

वॉल आणि बोस्टनचे विल्यम स्वीट यांनी डोळ्याखालच्या मज्जातंतूत सुया घालून आधी स्वतःवरच प्रयोग केला, मग आठ रोग्यांवर. दोन मिनिटे वीज दिली असता चौघांना अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम पडला. १९६७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि लेखाच्या नावातच वेदना "तात्पुरती" थांबते असे म्हटले. हा प्रामाणिकपणा ध्यानात घ्या.

त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्मन शीली या शल्यवैद्याने एका सत्तर वर्षांच्या, कर्करोगाने पिडलेल्या माणसाच्या मज्जारज्जूच्या मागील बाजूस विजेची पट्टी बसवली. ती टॉमस मॉर्टिमर या तरुण अभियंत्याने तयार केली होती. वेदना थांबली. पण तो रोगी फार जगला नाही. म्हणजे पहिल्या रोग्याने "थांबतं का?" याचे उत्तर दिले. "टिकतं का?" हे सांगायला तो उरला नाही.

त्या वेळच्या यंत्रांची गंमत रेडिओच्या श्रोत्यांना वाटेल अशी आहे. बॅटरी शरीराबाहेर असे. कातडीवर एक लहानशी आकाशतार चिकटवायची, आणि कातडीखालच्या ग्राहकाकडे लहरी पाठवायच्या. म्हणजे माणसाच्या अंगात एक छोटा रेडिओच! पुढे बॅटरीसह सगळे यंत्र कातडीखाली बसू लागले, हृदयाच्या पेसमेकरसारखे. तारा तुटत, जागच्या हलत, जखम पिके. शीलींनी तर काही वर्षांतच हा मार्ग सोडून दिला. दुसऱ्यांनी सोडला नाही. यंत्र सुधारत गेले आणि शस्त्रक्रियेनंतरही न थांबलेल्या पाठीच्या व पायाच्या दुखण्यावर त्याचा प्रसार झाला.

आता टिकण्याकडे वळू. अमेरिकेत रिचर्ड नॉर्थ यांनी एकदा शस्त्रक्रिया होऊनही दुखणे न गेलेले रोगी घेतले. काहींना यंत्र, काहींना पुन्हा शस्त्रक्रिया, अशी वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली. सरासरी सुमारे तीन वर्षांनी, २००५ मध्ये, निकाल आला. यंत्र बसवलेल्या १९ पैकी ९ जणांना चांगला गुण होता, तर पुन्हा शस्त्रक्रिया केलेल्या २६ पैकी फक्त ३ जणांना. कॅनडाचे कृष्ण कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० रोग्यांवर, विशेषतः ज्यांचा पाय पाठीपेक्षा जास्त दुखतो अशांवर, अनेक देशांत पाहणी केली. सहा महिन्यांनी यंत्रवाल्यांपैकी ४८ टक्के लोकांचे पायाचे दुखणे निम्म्याहून कमी झाले होते. नुसत्या औषधपाण्यावर हे प्रमाण ९ टक्के होते. दोन वर्षांनी हेच आकडे ३७ आणि २ झाले. पण पहिल्याच वर्षात यंत्रवाल्यांपैकी ३२ टक्के लोकांना यंत्रापायी काही ना काही अडचण आली.

पाहा बरे: ४८ चे ३७ झाले. गुण ओसरतो, पण अगदी नाहीसा होत नाही. येथपर्यंत चित्र बरेच आशादायक आहे. पण एक खोच आहे. या यंत्राने अंगात मुंग्या येतात. कोणाचे यंत्र चालू आणि कोणाचे बंद, हे रोग्याला लगेच कळते. म्हणजे फ्रँकलिन यांचा दुसरा प्रश्न, हुरुपाचा, तसाच राहिला. डोळे बांधता येत नव्हते.

पुढे मुंग्या न येऊ देता वीज देण्याच्या रीती निघाल्या, आणि डोळे बांधणे शक्य झाले. नॉर्वेत ५० रोग्यांच्या अंगात असे यंत्र बसवले. तीन तीन महिन्यांच्या चार पाळ्या ठेवल्या. दोन पाळ्यांत वीज चालू, दोन पाळ्यांत बंद. कोणती पाळी कसली, हे रोग्याला ठाऊक नाही. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पाठीमुळे दैनंदिन कामात येणारी अडचण शंभर गुणांच्या मापाने मोजली होती. वीज चालू असता ती १०.६ ने कमी झाली, आणि बंद असता ९.३ ने. फरक नावापुरताच! म्हणजे माणसांना बरे वाटले होते हे खरे, पण ते विजेने वाटले असे म्हणता येईना. या प्रयोगावर आक्षेपही आले. यंत्राची जुळणी नेहमीच्या रीतीने केली नव्हती, असे काही डॉक्टरांचे म्हणणे आहे. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखीवरील अशा १३ प्रयोगांचा, ६९९ रोग्यांचा, एकत्र धांडोळा घेतला. लटक्या उपचाराशी तुलना करून वर्षभर किंवा त्याहून जास्त पाहिलेला प्रयोग त्यात एकही निघाला नाही.

आता शेवटचे प्रकरण, आणि हेच त्या शेतकरीबुवांच्या घरच्या दुखण्याच्या सर्वांत जवळचे आहे. ज्यांची शस्त्रक्रिया झालेली नाही, पायात कळ जात नाही, नुसती कंबर वर्षानुवर्षे धरलेली आहे, अशांसाठी वेगळे यंत्र निघाले. कल्पना अशी: पाठीच्या कण्याला लागून खोलवर मल्टिफिडस नावाचे स्नायू असतात. मांडवाचा खांब जसा चहूकडच्या ताणांवर उभा राहतो, तसा कणा यांच्या आधाराने स्थिर राहतो. पाठ फार दिवस दुखली की हे स्नायू मंदावतात, ताण सैल पडतात, खांब डुगडुगतो आणि आणखी दुखते. म्हणून या स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूपाशी दोन्ही बाजूंनी तारा ठेवायच्या, आणि रोग्याने दिवसातून दोनदा, अर्धा अर्धा तास, पडून राहून यंत्र चालू करायचे. स्नायू आपोआप आवळतात आणि सैल होतात. म्हणजे येथे वीज दुखण्याचा निरोप अडवत नाही. ती स्नायूकडून तालीम करून घेते.

२०४ रोग्यांना हे यंत्र बसवले. दुखणे सरासरी १४ वर्षांचे. निम्म्यांना पुरी वीज, निम्म्यांना नाममात्र. १२० दिवसांनी पाहिले, तर पुरी वीज घेणाऱ्यांत ५७ टक्के आणि नाममात्र घेणाऱ्यांत ४७ टक्के लोकांना ठरवलेल्या मापाचा गुण आला होता. हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. मुख्य कसोटी यंत्र उतरले नाही. मग सर्वांनाच पुरी वीज दिली आणि पुढे वर्षानुवर्षे पाहत राहिले. तालमीचा गुण सावकाश येतो, असे संशोधकांचे म्हणणे. पाचव्या वर्षी १२६ रोगी तपासणीला हजर होते. दहाच्या मापावर त्यांचे दुखणे सरासरी ७.३ वरून २.४ वर आले होते. त्यांच्यापैकी जवळजवळ ७२ टक्के लोकांचे दुखणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले होते.

फ्रँकलिन यांचे रोगी पाचव्या दिवशी थांबले. हे पाचव्या वर्षापर्यंत आले. ही लहान गोष्ट नाही.

पण शिक्षकबंधूंनो, येथे फळ्यावर एक हिशेब मांडा. बसवले २०४, हजर १२६. मग ७८ कुठे गेले? काहींनी गुण नाही म्हणून यंत्र काढून घेतले. काहींनी दुखणे थांबले म्हणूनही काढले. काही आलेच नाहीत. १२६ चे ७२ टक्के म्हणजे सुमारे ९० माणसे. गैरहजर असलेल्या सर्वांना नापास धरले, तर २०४ पैकी ९०, म्हणजे ४४ टक्के. खरे उत्तर ४४ आणि ७२ यांच्या दरम्यान कुठेतरी असणार. वर्गात परीक्षेला बसलेल्या मुलांचा निकाल सांगायचा की पटावरच्या मुलांचा, हाच हा प्रश्न आहे. शिवाय पाच वर्षे तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि खर्च यंत्र करणाऱ्या कंपनीचा होता. उलट बाजूही सांगितली पाहिजे. चौदा वर्षे न हटलेले दुखणे नुसत्या हुरुपाने पाच वर्षे दबून राहील, हेही सहज पटत नाही.

तर मग त्या गृहस्थांना काय सांगावे? मी असे सांगेन:

"दादा, बैल खोटा नाही. काहींच्या औताला तो पाच हंगाम चालला आहे. पण सगळ्यांच्या चालला नाही, आणि त्याची किंमत मोठी आहे. कमरेचं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत, हिंडतंफिरतं राहिल्यानं हलकं होतं. घरच्यांचं दहा वर्षांचं आहे, तेव्हा आधी चांगल्या डॉक्टरांकडून कारण शोधून घ्या. पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र एक दिवसही थांबू नका. व्यायाम नेटानं, काही महिने करून पाहा. एवढं सगळं होऊनही कोणी यंत्र सांगितलं, तर रान विकायच्या आधी चार गोष्टी विचारा. हे आमच्याच प्रकारच्या दुखण्यावर आहे का? गुण किती वर्षांनी मोजला? किती जणांना बसवलं आणि मोजायला किती उरले? आणि तार हलली, जखम पिकली, तर पुन्हा फाडायचा खर्च कोणाचा?"

यांतला एकही प्रश्न विचारायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही. टॉर्पेडो माशावर पाय ठेवणाऱ्या रोमन माणसाने ते विचारले नाहीत. फ्रँकलिननी विचारले, आणि आपल्या प्रयोगाचे अपयश स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. त्या शेतकरीबुवांनी शाळेच्या पायरीशी उभे राहून, हातात चहाचा कप धरून, तोच प्रश्न विचारला होता. उत्तर द्यायला मला वेळ लागला, एवढेच. हे भाषण त्यांच्या कानावर पडो, आणि त्यांच्या घरच्या माउलीची कंबर कोणत्या का उपायाने होईना, हलकी होवो.